एक खेप मागे

ठकीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर तिचा, पण जाग आधी तिच्या बापाला यायची. या माणसाने आयुष्यभर इमारतींना परांच्या बांधल्या. ऊन चढायच्या आत वरची फळी बांधून झाली पाहिजे, ही सवय हाडात मुरलेली. काम सुटलं, गुडघे गेले, सवय राहिली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात बाप-लेक दोघंच. तो चहा टाकायचा, तोवर ठकी जेवायच्या टेबलाशी बसून लॅपटॉप उघडायची. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, अंगावर बाहेर जायचे कपडे. घरी बसून काम, म्हणून झोपेच्या कपड्यांत ती कधी कामाला बसली नाही. परांचीवाल्या बापाला तिचं एवढं पटायचं. बाकी तिच्या कामातलं फारसं काही पटत नसे.

"नुसती बोटं हलवून कुणी दमतं का गं?" तो सुरुवातीला विचारायचा.

"तुमच्या फळ्या लोकांना दिसायच्या, बाबा. माझं ओझं दिसत नाही. वजन तेवढंच असतं."

काम काय ते तिनेच त्याला हळूहळू समजावलं. तिची कंपनी घरोघरी नर्स पाठवायची. कुणाला इन्शुलिन, कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शनचा कोर्स. प्रत्येक पेशंटची माहिती एका डेटाबेसमध्ये. ठकी म्हणायची, एक भलंमोठं कपाट समजा, हजारो कप्प्यांचं. नर्स फोन उघडते तेव्हा त्या कपाटातलाच एक कप्पा तिच्यापुढे येतो. कपाटात नवा रकाना लागतो, जुना मोडावा लागतो. आणि हे सगळं कपाट भरलेलं असताना, लोक त्यातून काढत-ठेवत असताना करायचं.

"म्हणजे माणसं आत राहत असताना भिंत पाडायची," परांचीवाला म्हणाला.

"आणि कुणाच्या ताटात धूळ पडू द्यायची नाही."

हा बदल ती हाताने करत नसे. प्रत्येक बदलाची एक फाईल लिहायची आणि ती एका अवजाराच्या हवाली करायची. या अवजाराला ना खिडकी, ना बटण. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, ते फाईल उचलून कपाटात बदल करून येई. ठकीने त्याचं नाव 'हमाल' ठेवलं होतं. सांगितलेलं उचलतो, सांगितलेल्या जागी ठेवतो, गोणीत काय आहे ते विचारत नाही. काय काय वाहून झालं याची नोंद मात्र चोख ठेवतो.

प्रत्येक फाईलचे दोन भाग. वरच्यात बदल कसा चढवायचा ते, खालच्यात तोच बदल कसा उतरवायचा ते. हे परांचीवाल्याला लगेच कळलं. बांधता येणाऱ्याला सोडताही आलं पाहिजे. शेवटी बांधलेली गाठ आधी सोडायची, नाहीतर फळी डोक्यात. त्याला नवल एवढंच वाटलं की, चार भिंतींत बसून काम करणाऱ्यांनाही हे कळतं.

हमालाची एक खोड होती. तो खेपेने मोजायचा. एका हुकुमात एक फाईल दिली तर एकीची खेप. चार दिल्या तर चारांची मिळून एकच खेप. आणि 'मागे घे' म्हटलं की तो फाईल मागे घेत नसे, शेवटची अख्खी खेप मागे घ्यायचा. म्हणून ठकीचा शिरस्ता ठरलेला: एका वेळी एकच फाईल. बाकीचे हसायचे. तिच्या हाताखाली एकजण होता, सगळे त्याला रॉकेट म्हणायचे. तो म्हणायचा, "ताई, हमालाला चार पिशव्या दिल्या तर त्याची काय कंबर मोडणार आहे?"

"त्याची नाही मोडणार. आपली मोडेल."

दुसरा शिरस्ता मोठ्याने वाचण्याचा. चालू कपाटावर हुकूम सोडण्याआधी तो मोठ्याने वाचायचा, समोरच्याने ऐकून 'हो' म्हणायचं, मगच एंटर. ऑफिसात हे काम रॉकेट करायचा. घरून काम सुरू झालं तशी ही जबाबदारी परांचीवाल्यावर आली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कळायला नकोच आहे. मोठ्याने वाचलं की माझं मलाच ऐकू येतं. तुम्ही फक्त लक्ष देऊन हो म्हणायचं."

तो लक्ष देऊन हो म्हणायचा. कप खाली ठेवून, पाठ ताठ करून. परांचीवर असताना खालून दोर ओढायच्या आधी वरच्याने 'ये' म्हणायचं, तसंच हे. फुकटचं हो त्याने आयुष्यात म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात ठकी तापाने फणफणली होती. दोन दिवस डोकं वर निघालं नाही. तिचं काम रॉकेटकडे गेलं. चार फाईली चढवायच्या होत्या. पहिल्या तीन ठकीने आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या. त्यातली एक महत्त्वाची होती: कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, त्याचा नवा रकाना. इतके दिवस ही माहिती कागदी कार्डांवर असायची. आता नर्सने पेशंटचा कप्पा उघडला की ते फोनवर लाल अक्षरांत दिसणार होतं. चौथी फाईल रॉकेटची, भेटींच्या यादीचा क्रम बदलणारी. रॉकेटने चारही चढवल्या. फोनवर ठकीला म्हणाला, "झालं ताई, सगळं सुरळीत." ती तापात "बरं" म्हणाली.

पुढचे दोन दिवस ऑफिसात तिघीजणी बसून कार्डांवरचं त्या रकान्यात भरत होत्या. भरून झालेलं कार्ड फाडून टाकायचं, असा वरून हुकूम. पेशंटचे कागद इकडेतिकडे पडलेले चालत नाहीत म्हणे.

आणि रॉकेटची चौथी फाईल नडली. यादी उघडायला फोन इतका वेळ घेऊ लागले की नर्सेस जिन्यात ताटकळायच्या. त्यांच्यावरच्या मोठ्या सिस्टरचा संध्याकाळी फोन आला.

"ठकी, तुझा ताप गेला असेल तर आता आमचा घालव. माझ्या पोरी दारात उभ्या राहून फोनकडे बघत बसतात. लोकांना वाटतं मुहूर्त काढतायत."

"उद्या पहाटे करते, सिस्टर. शेवटचा एक बदल मागे घ्यायचाय, बस्स. तुमच्या पोरी निघायच्या आत होईल."

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा झाला. ठकीचा चेहरा अजून उतरलेला, पण पाठ सरळ. एरवी ती आधी हमालाकडून यादी मागायची: काय काय चढलंय, कुठल्या खेपेत. त्या पहाटे मागितली नाही. तिच्या हाताखाली सगळं एकेक करूनच जातं, हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की ते तिला भिंतीसारखं पक्कं वाटत होतं.

"ऐका बाबा. चालू डेटाबेस. मागे घे."

परांचीवाल्याने कप खाली ठेवला. "हो."

एंटर.

काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: यादीचा क्रम, मागे घेतला. ठकीने मान हलवली. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली. मग तिसरी. मग चौथी.

तिचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. परांचीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. उंचीवर पाय निसटलेल्या माणसाचा चेहरा त्याने दोनदा पाहिला होता. पडताना माणूस ओरडत नाही, त्याला आश्चर्य वाटत असतं. ठकीचा चेहरा तसा झाला होता.

"काय झालं?"

"चारही गेले." आवाज तिचा वाटत नव्हता. "रॉकेटने चारही एका खेपेत टाकले होते. तो रकाना... बाबा, तो रकानाच मोडला हमालाने. त्यात भरलेल्या सगळ्यासकट."

"मग परत बांध ना."

पुढे तिने जे केलं ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. हुकूम टाइप केला आणि न वाचता एंटर दाबलं. 'पुढे जा.' हमाल निमूटपणे पहिल्या तीन फाईली घेऊन गेला आणि ठेवून आला. रॉकेटची चौथी तिने तेवढी बाजूला काढली होती. पडद्यावर तीन ओळी, शेवटी 'पूर्ण'. तिने श्वास सोडला. परांचीवाल्यानेही सोडला. त्याला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टरचा फोन आला. ठकीने स्पीकरवर टाकला.

"अगं, जादूगार आहेस का काय! फोन कसे पळतायत. पहिल्या पाळीच्या पोरी निघाल्यासुद्धा. तुझ्या तोंडात साखर पडो."

ठकी पडद्यावर एका पेशंटचा कप्पा उघडत होती. औषधांखाली हिरव्या अक्षरांत आलं: काही नाही. दुसरा उघडला. हिरवं, काही नाही. हा दुसरा पेशंट तिच्या ओळखीचा होता, त्याच्या पुढे तिने स्वतः लाल ओळ पाहिली होती. तिसरा. काही नाही.

"आई गं," ती म्हणाली.

रकाना परत आला होता, पण कोरा. आणि कोरा दिसत नव्हता. फाईल लिहिताना तिनेच एक ओळ घातली होती: जिथे काही भरलेलं नाही, तिथे 'काही नाही' असं लिही. कोऱ्या जागेवर फोन अडकू नयेत म्हणून. आता सगळ्या पेशंटांपुढे तेच लिहिलं गेलं होतं. कुणालाच कशाचाच त्रास नाही. सगळं हिरवं.

परांचीवाल्याला हे तिने अर्ध्या वाक्यात सांगितलं. त्याला त्यातला धोका कळला. रकाना मोडलेलाच राहिला असता तर फोन बंद पडले असते, पोरींनी ओरडा केला असता. फळी काढून नेलेली असली तर माणूस थांबतो, समोर भोक दिसतं. फळी नुसती टेकवून ठेवलेली असली, दोर न बांधता, तर माणूस तिच्यावर निर्धास्त पाय देतो.

"सिस्टर," ठकी फोनवर म्हणाली, "ऐका. फोनवर जे हिरवं दिसतंय ते खोटं आहे. औषध न चालण्याची माहिती सगळी पुसली गेलीय. माझ्या हातून. कुणी काही देऊ नका."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बंद कर."

"काय?"

"सगळं बंद कर. आत्ता. फोन नव्हते तेव्हाही आम्ही इंजेक्शनं देत होतो. खोटा फोन मात्र नको. माझ्या अर्ध्या पोरींना मी कळवते, अर्ध्या तू घे."

"साहेबांना विचारावं लागेल."

"साहेब अंघोळ करून, नाश्ता करून उत्तर देईल. तू बंद कर, बाई."

ठकीने बंद केलं. कुणाला न विचारता चालू यंत्रणा बंद करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, एवढं परांचीवाल्यालाही माहीत होतं. तिने तो हुकूम मात्र मोठ्याने वाचला आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने हो म्हटलं. मघाचं हो अजून मनात अडकलेलं होतं.

आदल्या दुपारची प्रत दुसऱ्या एका सर्व्हरवर होती. ती ओढून आणायला वेळ लागणार होता, आणि मधे मधे ती यंत्रणा प्रश्न विचारणार, कुणीतरी समोर बसलेलं हवं. ते चालू ठेवून ठकी एकेका नर्सला फोन लावू लागली. "ताई बोलतेय. काही दिलंस का? नाही ना? थांब. घरच्यांना विचार, मोठ्या सिस्टरना विचार, मग दे." एक अजून बसमध्ये होती. एक जखम धूत होती. एकीने इन्शुलिन दिलं होतं, त्याची चिंता नव्हती. प्रत्येक 'नाही दिलं अजून' बरोबर ठकीचे खांदे जरासे खाली येत होते.

एक फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. ही चिमणी. बारीक आवाजाची, कामाला चटपटीत. पेशंटच्या घरी शिरली की फोनचा आवाज बंद करून टाकायची. मोठ्या सिस्टरचीच तशी शिस्त.

"पहिली भेट कुठे आहे तिची?" परांचीवाल्याने विचारलं.

ठकीने पाहिलं. "पाण्याच्या टाकीमागची इमारत. दुसरा मजला. मास्तरीणबाई. रोजची नर्स सुटीवर आहे, चिमणी आज पहिल्यांदाच जातेय तिथे." मग तिने तोंडावर हात ठेवला. "आज त्यांना पेनिसिलिन लिहून आलंय, नव्या डॉक्टरांचं. ते त्यांना चालत नाही. मागे एकदा मरता मरता वाचल्यात. त्यांच्या भाच्याने फोन करून मलाच सांगितलं होतं. आणि बाबा, त्यांची वाचा गेलीय. झटका आल्यापासून बोलता येत नाही."

"मी जातो."

"तुमचे गुडघे—"

"गुडघे राहू देत. तू इथून हलू नकोस."

चार जिने. उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास. एक हात कठड्यावर, एक भिंतीवर, असा तो उतरला. रस्त्यावर आल्यावर पळायचं ठरवलं आणि पळता येत नाही हे कळलं. मग जमेल तितकं झपझप चालला. दूधवाल्याने सायकलवरून हाक मारली, "काका, एवढ्या सकाळी कुठे आग लागलीय?" त्याने उत्तर दिलं नाही. आयुष्यात कधी कुणाच्या आधी पोचायची घाई केली नव्हती त्याने. घाई करणारा खाली येतो, हेच शिकलेला. आता एकेक पाऊल त्याला कमी पडत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीजवळ पलंग. पलंगावर उशांना टेकून मास्तरीणबाई, पांढरे केस नीट बांधलेले. चिमणी टेबलापाशी पाठमोरी उभी, रिकामी सुई डब्यात टाकत होती.

"कोण?" ती वळली. "अगंबाई, काका, तुम्ही? ठकीताईंचे वडील ना?"

"दिलंस?"

"हो, हे काय, आत्ताच झालं. शहाण्यासारखं घेतलं आजींनी. आधी जरा हात हलवत होत्या. सुईला घाबरल्या. म्हटलं, मुंगी चावेल एवढंच."

परांचीवाल्याने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या चिमणीकडे बघत होत्या. उजवा हात पलंगावर पालथा पडलेला, बोटं अजून हलत होती, नाही नाही म्हणावीत तशी. आणि मानेवर, पांढऱ्या कातडीवर, लाल चट्टे उमटायला लागले होते.

"अगं, त्यांना ते चालत नाही. फोनवरचं खोटं आहे. पुसलं गेलंय सगळं."

चिमणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला आणि ती पोरगी बदलली. ओरडली नाही, रडली नाही. पिशवी उपडी केली, उताऱ्याच्या औषधाची कुपी मोडली, सुई भरली, मांडीत टोचली. तोंडाने सांगत होती ते शांतपणे, जसं काही रोजचंच.

"काका, उशा काढा. आडवं करा त्यांना. आता पाय धरा दोन्ही. वर. अजून वर. सोडू नका."

त्याने पाय धरले. काटकुळे, थंड पाय. जन्मभर त्याने बांबू पेलले, लोखंडी नळ्या पेलल्या, पण एवढं हलकं ओझं इतकं जड कधी लागलं नव्हतं. चिमणीने कानाशी फोन धरून ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला, एकदाच, स्पष्ट. मास्तरीणबाईंचे ओठ सुजले होते. डोळे उघडे. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि त्याला नजर वळवता येत नव्हती. त्यांना माहीत होतं. सुई टोचायच्या आधीपासून माहीत होतं. त्या सांगत होत्या आणि कुणी ऐकलं नव्हतं.

चिमणीने घड्याळ पाहून दुसरी सुई दिली. शिट्टी हळूहळू बसत गेली. ॲम्ब्युलन्सवाले आले, ऑक्सिजन लावला, त्यांच्यातला मोठा म्हणाला, "वेळेवर दिलंत सिस्टर. नाहीतर आम्ही येऊन काय करणार होतो?" चिमणी हो म्हणाली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसली.

"त्या मला नाही म्हणत होत्या, काका. आणि मी त्यांना मुंगीची गोष्ट सांगत होते."

परांचीवाला तिच्या शेजारी बसला. उठायला दोघांनाही वेळ लागला.

मास्तरीणबाई वाचल्या. दुपारपर्यंत रकानाही परत भरला. प्रतीनंतर भरलेलं थोडंफार हरवलं होतं, तेवढं ठकीने आणि रॉकेटने घरोघरी फोन करून पुन्हा मिळवलं. रॉकेट रडत होता. "ताई, मीच मूर्ख. चार पिशव्या एकदम दिल्या." ठकी म्हणाली, "दिल्यास, ते मी बघायला हवं होतं. यादी मागितली नाही मी. आणि ती 'काही नाही'ची ओळ तुझी नाही, माझी आहे. चल, पुढचा नंबर लाव."

संध्याकाळी तिने बापाला जेवायला वाढलं. त्याने घास तोंडात घातला नाही.

"मी हो का म्हटलं गं?"

"तुम्ही ऐकलंत ते बरोबरच होतं, बाबा."

"मग हो म्हणायचा उपयोग काय?"

तिने त्याचं ताट झाकून ठेवलं.

दोन दिवसांनी साहेबांची मीटिंग झाली, लॅपटॉपवरच. परांचीवाला स्वयंपाकघरात होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

साहेबांचा आवाज गोड होता. यंत्रणा न विचारता बंद केल्याबद्दल ते ठकीला दोन शब्द बोलले, पण वेळीच सावरलंस असंही म्हणाले. मग म्हणाले, "मूळ मुद्दा त्या चिमणी सिस्टरचा आहे. औषध देण्याआधी पेशंटला विचारायचं, हा नियम आहे. तिने विचारलं नाही. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवतोय. पगार अर्थातच थांबेल."

"साहेब, विचारलं असतं तर उत्तर कोण देणार होतं?" ठकी म्हणाली. "आजींना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने बोलणारी एक ओळ होती. ती मी पुसली आणि तिथे खोटं लिहिलं. चिमणीने ते वाचलं. आणि नंतर जीवही तिनेच वाचवला."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. फार तर अवजाराचा दोष म्हणू. विचित्रच आहे ते, एक सांगितलं की चार उचलतं."

"हमालाचा दोष नाही. तो खेपेने मोजतो हे त्याच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. दोष माझा लिहा. घरी मला बसवा."

"तुला बसवून हे सगळं चालवणार कोण?" साहेब हसले. "तुझ्यासारखं माणूस बाजारात मिळत नाही. नर्सेस मिळतात."

स्वयंपाकघरात परांचीवाल्याच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याने मुकादम पाहिले होते, ठेकेदार पाहिले होते. फळी निसटली तर बांधणाऱ्याला हाकलायचे, पडणाऱ्याला नाही. इथे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही हसत हसत. तो बाहेर आला तेव्हा पडदा बंद होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती.

"मला ठेवलं, बाबा," ती म्हणाली. मार बसल्यासारखी. "चूक माझी, आणि मलाच ठेवलं."

तिने चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलं, काही न लपवता. मोठ्या सिस्टरनी खाली सही केली. चौकशी मात्र चौकशीच्या चालीने चालली होती. आज साहेब नाहीत, उद्या कागद पुढे गेलाय.

महिनाअखेर ठकीचा पगार नेहमीसारखा पूर्ण जमा झाला. तिने मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. मग बापाला म्हणाली, "चला." दोघं चिमणीच्या खोलीवर गेले. एकच खोली, एक खिडकी, दोरीवर धुतलेले दोन पांढरे युनिफॉर्म. चिमणीने त्यांना पलंगावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"पैसे देणार असाल तर चहा पिऊन जा, ताई. मी भीक घेत नाही."

"भीक कोण देतंय? काम आहे. मास्तरीणबाई घरी आल्यात. भाचा लांब असतो. कंपनीची भेट दिवसाला अर्धा तास. त्यांच्याजवळ सकाळ-संध्याकाळ एक नर्स हवी."

चिमणीने दोरीवरचा युनिफॉर्म सारखा केला. मग म्हणाली, "त्या मला दारात उभी तरी करतील का?"

"मी काल विचारून आले. हाताने हो म्हणाल्या. मग मी पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणाल्या."

"पगार कोण देणार? कंपनी?"

"मी."

"मग नीट ठरवा. मी पगारी, उपकारी नाही. उशीर झाला तर कापा."

"आणि लवकर आलीस तर?" परांचीवाल्याने विचारलं.

"तर चहा टाका, काका. काय रांजणभर नको, कपभर पुरे."

महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली. चौकशी पुढे पावसाळा संपेपर्यंत रखडली. तोवर ठकीच्या पगारातून चिमणीच्या खोलीचं भाडं जात राहिलं, आणि मास्तरीणबाईंच्या पलंगाजवळच्या खुर्चीत सकाळ-संध्याकाळ एक नर्स बसत राहिली.